वेड की मेंदूचा दाह?

‘अमक्याला वेड लागले’ असे आपण फार सहजपणे म्हणतो. ताप आला, पाय मोडला, काविळीने डोळे पिवळे झाले, असे म्हणताना शरीराच्या कोणत्या भागात काय बिघडले याची निदान अंधुक कल्पना तरी आपल्यापुढे असते. वेडाच्या बाबतीत तशी कल्पना नसते. ‘लागणे’ हे क्रियापदच असे आहे की, बाहेरून काहीतरी येऊन चिकटल्याचे ते सुचविते. आणि मग ते बाहेरचे काय, याचा शोध ज्याच्या त्याच्या समजुतीप्रमाणे सुरू होतो. कोणी परीक्षेच्या काळजीकडे बोट दाखवितो, कोणी मोडलेल्या लग्नाकडे, तर कोणी करणीकडे. डॉक्टरांकडे गेलेले कुटुंब एखाद्या मनोविकाराचे नाव घेऊन परत येते, आणि पुष्कळदा ते नाव बरोबरही असते. परंतु गेल्या वीस वर्षांत वैद्यकाने असा एक आजार नीट ओळखला आहे की, ज्यात बाहेरून दिसते ते वेड आणि आत असतो तो मेंदूचा दाह. हा दाह जंतूंनी केलेला नसतो. शरीराची स्वतःची संरक्षक यंत्रणाच चुकून मेंदूवर उलटलेली असते. त्याला आपण आत्मप्रतिकारजन्य मेंदूदाह म्हणू. तो वेळीच ओळखला तर बहुतेक रुग्ण बरे होतात. न ओळखला तर मनुष्य दगावतो किंवा जन्माचा परावलंबी होतो. म्हणूनच त्याची माहिती केवळ डॉक्टरांना असून भागत नाही. ती घरातल्या माणसांनाही असावयास हवी.

रायपूर शहरातील पंडरी हा भाग कापडाच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. तेथे राहणाऱ्या एखाद्या मराठी कुटुंबातील वीस-बावीस वर्षांची मुलगी आपण कल्पनेने डोळ्यांपुढे आणू. मुलगी कल्पित आहे. परंतु तिच्या आजाराचा क्रम मात्र शेकडो रुग्णांच्या बाबतीत नोंदला गेलेलाच आहे. प्रथम दोन-चार दिवस डोके दुखते, अंगात कणकण वाटते. ऋतू बदलला, असे म्हणून घरचे काढा देतात. आठवड्याभरात तिची झोप उडते. शांत स्वभावाची मुलगी अखंड बोलू लागते, शेजारी आपल्याविषयी कुजबुजतात असे म्हणते, आईला ओळखीनासे होते. मग एकाएकी बोलणे आटते. विचारलेलाच शब्द ती पुनःपुन्हा उच्चारते. आणखी काही दिवसांनी तोंडाच्या व जिभेच्या चमत्कारिक हालचाली सुरू होतात. ओठ चावल्यासारखे, काही चघळत असल्यासारखे दिसते. हात आपोआप वळतात. आकडी येते. शेवटी ती डोळे उघडे ठेवून, परंतु कशालाही प्रतिसाद न देता पडून राहते. नाडी आणि रक्तदाब कधी चढतात, कधी उतरतात, आणि श्वासही मंदावतो.

आता या क्रमातील पहिले दहा दिवस पाहिले, तर त्यांत वेडाखेरीज दुसरे काय दिसते? आणि पुढचे दहा दिवस पाहिले, तर अंगात आल्याचे, झपाटल्याचे जे वर्णन आपण लहानपणापासून ऐकत आलो, त्याच्याशी ते किती जुळते! रुग्णाच्या आयुष्याचा निर्णय या दोन समजुतींच्या मधल्या दिवसांत होत असतो.

शरीरात नेमके काय घडते, ते थोडे समजावून घेऊ. आपल्या मेंदूतील चेतापेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. दोन पेशींच्या मध्ये अत्यंत सूक्ष्म फट असते. एक पेशी त्या फटीत विशिष्ट रसायन सोडते आणि पलीकडच्या पेशीच्या पृष्ठभागावरील प्रथिने ते रसायन टिपून घेतात. कुलपात किल्ली बसावी तसा हा प्रकार आहे. अशा कुलपांपैकी एका महत्त्वाच्या जातीला एनएमडीए ग्राही असे नाव आहे. ग्लुटामेट नावाचे रसायन ही त्याची किल्ली. स्मरण, शिकणे, आजूबाजूच्या जगाचा सुसंगत अर्थ लावणे, ही कामे या ग्राहींवाचून चालत नाहीत. केटामीन नावाचे भुलीचे औषध याच ग्राहींना अडवून धरते. आणि त्याच्या अमलाखाली निरोगी माणसालाही काही काळ भास होतात, आपण आपल्या शरीराबाहेर आहोत असे वाटते.

रोगजंतूंशी लढण्यासाठी आपले रक्त प्रतिपिंडे तयार करते. करोनाच्या साथीपासून अँटीबॉडी हा शब्द घरोघर माहीत झाला आहे. प्रतिपिंडे म्हणजे त्याच. या आजारात शरीर एनएमडीए ग्राहींच्याच विरुद्ध प्रतिपिंडे निर्माण करते. ती ग्राहींना जोडी-जोडीने बांधतात, आणि बांधलेले ग्राही पेशीच्या पृष्ठभागावरून आत ओढले जातात. पेशी मरत नाही. तिची कुलपे तेवढी नाहीशी होतात. हा भेद फार महत्त्वाचा आहे. पेशीच मेल्या असत्या तर आशेला जागा उरली नसती. येथे प्रतिपिंडे हटली की कुलपे पुन्हा पृष्ठभागावर येऊ लागतात. महिनोन्महिने बेशुद्धीसारख्या अवस्थेत काढलेली माणसे पुढे आपल्या अभ्यासाला व नोकरीला लागल्याची उदाहरणे आहेत, त्याचे कारण हेच.

पण शरीराने अशी चूक का करावी? काही रुग्णांच्या बाबतीत कारण सापडते. तरुण स्त्रियांच्या बीजांडकोशात कधी कधी टेराटोमा नावाची गाठ होते. या गाठीत केस, दात, एवढेच नव्हे तर चेतापेशींसारख्या पेशीही आढळतात. भलत्या जागी वाढलेल्या त्या पेशी शरीराला परक्या वाटतात, त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात, आणि मग तीच प्रतिपिंडे खऱ्या मेंदूवर चालून जातात. दुसरे एक कारण म्हणजे हर्पीसच्या विषाणूमुळे होणारा मेंदूज्वर. त्यातून रुग्ण बरा होत आला असता काही आठवड्यांनी पुन्हा बिघडतो. ही उलटलेली दुखणी पुष्कळदा विषाणूची नसून प्रतिपिंडांची असतात. अनेकांच्या बाबतीत मात्र कोणतेच कारण हाती लागत नाही.

या शोधाचा इतिहास फार जुना नाही. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात काम करणारे, मूळचे स्पेनमधील, डॉ. जोसेप दालमाऊ आणि त्यांचे सहकारी यांनी 2005 साली चार तरुण स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. चौघींनाही मनोविकाराची लक्षणे होती आणि चौघींच्याही बीजांडकोशात टेराटोमा होता. 2007 साली त्यांनी ही प्रतिपिंडे नेमकी कोणत्या ग्राहीवर हल्ला करतात ते दाखवून दिले. पुढच्याच वर्षी शंभर रुग्णांची माहिती एकत्र झाली. त्यांत 91 स्त्रिया होत्या आणि सरासरी वय होते 23 वर्षे. 2013 साली 577 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की, शेकडा 37 रुग्ण अठरा वर्षांच्या आतील होते. म्हणजे हा आजार बालकांनाही सोडत नाही, आणि पुरुषांनाही होतो.

सर्वसामान्य वाचकांना त्याची ओळख झाली ती सुझाना कॅहॅलन या न्यूयॉर्कच्या वार्ताहर तरुणीमुळे. 2009 साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी तिला हा आजार झाला. नेहमीच्या तपासण्या निर्दोष येत होत्या, आणि मद्यपान, कामाचा ताण, मनोविकार अशी एकामागून एक अनुमाने पुढे येत होती. अखेर सीरियात जन्मलेले मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. सुहेल नज्जार यांनी तिला कागदावर घड्याळ काढावयास सांगितले. तिने वर्तुळ काढले आणि बाराही आकडे त्याच्या उजव्या अर्ध्या भागात कोंबले. मेंदूच्या एका बाजूचे काम बिघडल्याची ती साधी, परंतु निर्णायक खूण होती. उपचारानंतर ती बरी झाली व 2012 साली तिने आपल्या आजारावर पुस्तक लिहिले. आणखी एक नोंद गंमतीची वाटेल, पण विचार करावयास लावणारी आहे. बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयातील नूट नावाचे लाडके पांढरे अस्वल 2011 साली आकडी येऊन पाण्यात पडले आणि मेले. त्याच्या मेंदूच्या तपासणीतून 2015 साली निष्कर्ष निघाला तो याच आजाराचा. अस्वलाला कोणी करणी केली असे आपण म्हणत नाही. माणसाच्या बाबतीत तेवढा विवेक राहत नाही.

शरीराच्या रोगाने वेडाचे रूप घ्यावे, हे वैद्यकाच्या इतिहासात पहिल्यांदाच घडते आहे असे नव्हे. एकोणिसाव्या शतकात युरोपातील वेड्यांची इस्पितळे ज्या रुग्णांनी भरली होती, त्यांतील कित्येकांना उपदंशाने मेंदूचा विकार झालेला होता. 1913 साली नोगुची आणि मूर यांनी अशा रुग्णांच्या मेंदूत उपदंशाचे जंतू दाखविले, आणि पुढे पेनिसिलिन आल्यावर त्या ‘वेडा’ची वॉर्डेच्या वॉर्डे ओस पडली. आपल्याकडे दख्खनच्या पठारावर मुख्यत्वे ज्वारीवर जगणाऱ्या गरीब लोकांत पेलाग्रा आढळत असे. हैदराबादच्या संशोधकांनी 1960 च्या सुमारास त्याचा अभ्यास केला. एका जीवनसत्त्वाच्या अभावाने त्यात कातडी काळवंडते, आणि मनही ढासळते. उपाय होता तो जीवनसत्त्वाचा आणि चौरस आहाराचा. अशा प्रत्येक शोधानंतर ‘वेड’ या मोठ्या, अंधाऱ्या कोठडीतून काही माणसे उजेडात आली. आजचा हा शोध त्याच मालिकेतील आहे.

एनएमडीए ग्राहींचा हा आजार या जातीतील सर्वांत परिचित. पण तो एकटा नव्हे. साठीच्या आसपासच्या माणसांना, विशेषतः पुरुषांना, एलजीआय-1 नावाच्या प्रथिनाविरुद्धच्या प्रतिपिंडांमुळे अशाच जातीचा दुसरा आजार होतो. त्यात चेहऱ्याचा अर्धा भाग आणि त्याच बाजूचा हात यांना क्षणभराचे हिसके बसतात, तेही दिवसातून पुष्कळ वेळा. रक्तातील सोडियम उतरते आणि स्मरणशक्ती काही आठवड्यांत कोसळते. घरचे लोक ‘म्हातारपण आले’ असे समजून स्वस्थ बसतात. वार्धक्यातील विसराळूपणा वर्षांच्या गतीने येतो, आठवड्यांच्या गतीने नव्हे, एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ काम होईल.

आता मुख्य प्रश्न असा की, सामान्य माणसाने हे ओळखावे कसे? निदान करणे हे आपले काम नव्हे. शंका घेणे मात्र आपले काम आहे. पूर्वी मनाने पूर्ण निरोगी असलेली व्यक्ती काही दिवसांत किंवा फार तर तीन महिन्यांच्या आत बदलली, तर शंका घ्यावी. त्याच्या आगेमागे ताप किंवा डोकेदुखी झाली असेल, आकडी आली असेल, बोलणे तुटक होऊन बंद पडले असेल, तोंडाच्या वा हातापायांच्या विचित्र हालचाली असतील, चालताना तोल जात असेल, तर शंका बळावते. मनोविकारावरचे औषध दिल्याबरोबर अंग ताठरले आणि ताप चढला, तर ती गोष्ट तत्काळ डॉक्टरांच्या कानावर घालावी. या आजारात अशा औषधांचा त्रास अधिक होतो. 571 रुग्णांच्या एका पाहणीत केवळ मानसिक लक्षणेच होती असे रुग्ण अवघे 23, म्हणजे शेकडा 4 निघाले. याचा अर्थ असा की, शरीर बहुतेक वेळा आपली साक्ष देतेच; ती ऐकणारा कोणी असावा लागतो. आणि ती साक्ष सर्वांत आधी ऐकू येते ती रात्रंदिवस उशाशी बसलेल्या आईला किंवा भावाला. म्हणून कोणत्या दिवशी काय झाले, याची तारीखवार टिपणे त्यांनी ठेवावीत. डॉक्टरांना ती एखाद्या तपासणीइतकीच उपयोगी पडतात.

तपासण्यांच्या बाबतीत एक फसगत टाळली पाहिजे. मेंदूचा एमआरआय निर्दोष आला की घरचे म्हणतात, ‘म्हणजे मेंदूत काही नाही.’ वस्तुतः या आजाराच्या सुमारे दोनतृतीयांश रुग्णांचा एमआरआय निर्दोषच असतो. याउलट मेंदूच्या विद्युत्प्रवाहांचा आलेख, म्हणजे ईईजी, दहांपैकी नऊ जणांत बिघडलेला सापडतो. निर्णायक परीक्षा असते ती पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्याची. त्यातील प्रतिपिंडे शोधावी लागतात; नुसत्या रक्ताच्या तपासणीत सातांपैकी सुमारे एक रुग्ण निसटतो. पाठीतून पाणी काढले की मनुष्य लुळा होतो, असा एक समज आपल्याकडे घट्ट बसलेला आहे. कंबरेच्या ज्या पातळीवर सुई घालतात, तेथे मज्जारज्जू संपलेला असतो. त्यामुळे कुशल हातांनी केलेल्या या तपासणीने लुळेपणा येण्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. कधी कधी काही दिवस डोके दुखते. या एका भीतीपायी नकार देऊन कित्येक कुटुंबे निदानाच्या उंबरठ्यावरून परत फिरतात.

उपचार तीन प्रकारचे आहेत. गाठ असेल तर ती शस्त्रक्रियेने काढावी लागते. उलटलेली प्रतिकारशक्ती शमविण्यासाठी स्टिरॉइड, निरोगी रक्तदात्यांकडून मिळविलेले इम्युनोग्लोब्युलिन, किंवा यंत्राने रक्तद्रव बदलणे, हे उपाय योजतात. तेवढ्याने भागले नाही तर रिटुक्सिमॅब किंवा सायक्लोफॉस्फमाइड यांसारखी अधिक प्रबळ औषधे देतात. आधी सांगितलेल्या 577 रुग्णांच्या अभ्यासात, ज्यांची पुढची माहिती मिळाली त्यांपैकी शेकडा 81 रुग्ण दोन वर्षांच्या अखेरीस चांगल्या स्थितीत होते. ज्यांचे उपचार लवकर सुरू झाले त्यांची प्रगती अधिक चांगली होती. दोन वर्षांत शेकडा 12 जणांना आजार उलटला, म्हणून बरे झाल्यावरही लक्ष ठेवावे लागते. सुधारणा सावकाश होते. आधी श्वास आणि नाडी सावरतात, मग शुद्ध येते, बोलणे परतते. विचार, स्वभाव आणि स्मरण यांची घडी सर्वांत शेवटी बसते. या मधल्या काळात रुग्ण पुन्हा चिडतो, भ्रमिष्टासारखा वागतो. तेव्हा घरच्यांनी खचून जाऊ नये.

पंडरीच्या कुटुंबाने मग जावे कोठे? पंडरीतच जिल्हा रुग्णालय आहे, आणि टाटीबंध भागात अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था 2012 पासून उभी आहे. 1956 पर्यंत नागपूर ही ज्या प्रांताची राजधानी होती, त्यात रायपूरही होते. मनोरुग्णालय म्हटले की या बाजूच्या जुन्या मंडळींना नागपूरच आठवे. आज राज्याचे मानसिक रुग्णालय बिलासपूरजवळ सेंदरी येथे आहे. परंतु ताप, आकडी किंवा शुद्धीत फरक असलेल्या रुग्णाला प्रथम सर्वसाधारण रुग्णालयातच नेले पाहिजे. छत्तीसगडच्या जंगलपट्ट्यात हिवतापही मेंदूवर चढतो आणि माणूस बरळू लागतो. क्षयाचा मेंदूज्वरही तसाच फसवितो. हे रोग आधी तपासून दूर सारावे लागतात, आणि तेथूनच मज्जाविकारतज्ज्ञाकडे जाण्याची वाट निघते. प्रतिपिंडांची परीक्षा सर्वत्र होत नाही. नमुने मोठ्या प्रयोगशाळांकडे पाठवावे लागतात. शंका दाट असेल तर त्या उत्तराची वाट न पाहता डॉक्टर उपचार सुरू करू शकतात, हे येथे सांगितले पाहिजे.

आणखी एक वाट आहे, आणि तिच्याविषयी मौन पाळणे योग्य होणार नाही. मुलगी एकाएकी बरळू लागली की, आपल्याकडे देवऋषी आणि छत्तीसगडात बैगा किंवा गुनिया यांच्याकडे धाव घेतली जाते. झाडफुकीत जे आठवडे जातात, ते याच आजारातले सर्वांत मोलाचे आठवडे असतात. आणि पुष्कळदा प्रकरण तेथेच थांबत नाही. हे कोणी केले, असा प्रश्न निघतो, आणि गावातल्या एखाद्या एकट्या, वृद्ध बाईकडे बोट वळते. तिला ‘टोनही’ ठरवितात. मारहाण होते, कधी जीवही जातो. म्हणूनच छत्तीसगडला 2005 साली टोनही प्रताडना निवारणाचा कायदा करावा लागला. कोणाला टोनही ठरविणे, तिचा छळ करणे, आणि झाडफुकीने तिचा इलाज करणे, हे त्यात गुन्हे आहेत. महाराष्ट्रातही 2013 साली जादूटोण्याविरुद्ध कायदा झाला. कायदा शिक्षा देतो. पण ‘हे कोणी केले’ या प्रश्नाचे खरे उत्तर देतो तो रोगाचा शोध. ते कोणीही केलेले नसते. आजारी मुलीच्याच रक्तातील काही प्रथिनांची ती चूक असते. हे उत्तर ज्या घरात पोहोचेल, तेथे एकीचे प्राण वाचतील, आणि कदाचित दुसरीचेही.

तथापि, या आजाराची माहिती ऐकून दुसऱ्या टोकाला जाणेही बरे नव्हे. दर दहा लाख माणसांमागे वर्षाला सुमारे दीड, एवढे त्याचे प्रमाण आहे. मनोविकार त्याहून कितीतरी पटींनी अधिक आढळतात. ‘आमच्या मुलाला वेड नाही, मेंदूचा दाहच आहे’ अशी स्वतःची समजूत घालून कोणी वर्षानुवर्षे चाललेली औषधे आपल्या मनाने बंद करू नयेत. मनोविकार हाही आजारच आहे. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही, आणि त्यावरही उपचार आहेत. मनोविकारतज्ज्ञ आणि मज्जाविकारतज्ज्ञ हे येथे प्रतिस्पर्धी नसून सोबती आहेत. मेंदूदाहाची पहिली शंका पुष्कळदा मनोविकारतज्ज्ञालाच येते, आणि बरे होण्याच्या दीर्घ काळात रुग्णाच्या मनाला आधार द्यावा लागतो तोही त्यालाच.

मन आणि शरीर यांच्यामध्ये आपण एक जाड भिंत कल्पिलेली आहे. भिंतीच्या एका बाजूचे आजार सहानुभूतीचे, दुसऱ्या बाजूचे कुजबुजीचे. डोकेदुखीने आरंभ होऊन पंधरा दिवसांत माणसाची सारी ओळख पुसून टाकणारा आणि औषधाने ती परत मिळवून देणारा हा आजार त्या भिंतीला मान्यता देत नाही. तेव्हा आपल्या घरात किंवा शेजारी कोणी धडधाकट माणूस एकाएकी वेगळा वागू लागला, तर ‘याला काय लागले’ असे विचारण्याऐवजी ‘याला काय होते आहे’ असे विचारावे, आणि ते विचारण्यासाठी त्याच आठवड्यात रुग्णालयात जावे.